निळ्या फडक्याचा खल

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू बजावलं होतंस, फोटोंचा मारा करू नका, एक धड पत्र लिहा, म्हणून बसलेय लिहायला. हॉटेलच्या टेबलावर कागद आहे, पाकीट आहे, खाली काउंटरशेजारी टपालाची पेटी आहे. दादा आंघोळीला गेलाय, म्हणजे माझ्या हातात पाऊण तास आहे. आई तयार होऊन, चपला घालून, पर्स मांडीवर धरून पलंगाच्या कडेला बसली आहे. साडेनऊला निघायचंय. आत्ता सव्वासात वाजलेत.

खरं सांगू का, पहिले तीन दिवस आईने नुसते उसासे टाकले. हिंडवलं की पाय दुखतात, बसवलं की कंटाळा येतो. समुद्र बघून म्हणाली, "बरंय." तिला सत्तर पूर्ण झाली म्हणून दादाने एवढा घाट घातला आणि हिचा सगळा जीव आपल्या मसाल्याच्या गिरणीत. मिरच्या नीट वाळल्या असतील का, तुझी वहिनी कुलूप ओढून बघते ना, नवा पट्टा आवाज करतो का. जन्मात पहिल्यांदा गिरणी सोडून आली आहे, रिकाम्या हातांनी बसायची तिला सवयच नाही. शेवटी दादाने कायदा केला: या प्रवासात आईला कशालाही नाही म्हणायचं नाही. ती म्हणेल ते आणि म्हणेल तसं. परवा खोली झाडायला आलेल्या बाईच्या हातून तिने झाडू काढून घेतला आणि कोपरे कसे काढायचे ते दाखवलं. आम्ही दोघं कायद्याला धरून भिंतीशी उभे राहिलो.

आणि काल संध्याकाळी चमत्कार झाला. मागच्या गल्लीत एका घरावर पाटी दिसली, थाई स्वयंपाक शिका, सकाळी दहा ते एक. उघड्या दारातून आत दगडी खल दिसले, ओळीने मांडलेले. आई थांबलीच. आत गेली, एका खलाच्या पोटात हात फिरवला, बत्ता उचलून तोलला आणि म्हणाली, "दगड चांगला आहे." चार दिवसांतलं पहिलं कौतुक, तेही दगडाचं. दादाने तिथल्या तिथे तिघांची नावं घातली.

तू काळजी करू नकोस. तुझं ते कार्ड, 'मला कोळंबी चालत नाही, जिवाला धोका आहे' असं इथल्या भाषेत छापून घेतलेलं, दादाच्या खिशात आहे. गोळ्याही आहेत. त्याने शिकवणाऱ्या बाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारून दोनदा वाचलं. म्हणाल्या, आमच्या वाटणात कोळंबीचा आंबवलेला गोळा घालतात, पण तुमच्या टेबलावर तो येणार नाही आणि खलसुद्धा वेगळा देईन, कोरा. आमच्यादेखत कपाटातून नवा खल काढला आणि ओळखू यावा म्हणून त्याला निळं फडकं बांधून ठेवलं. मी दातांच्या दवाखान्यात दिवसभर हत्यारं उकळणारी बाई, मला असला काटेकोरपणा दिसला की माणूस एकदम आवडतं.

दादा बाहेर आला. टॉवेल खांद्यावर, भसाडा आवाज लावलेला. म्हणतोय, तिला लिही, तिच्यासाठी वाटण डबीत भरून आणतो, आईच्या हातचं. मी म्हटलं, विमानात वास सुटेल. म्हणाला, सुटू दे.

तुझी,
भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं नऊ जानेवारीचं पत्र आज आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून वाटलं, आत्ताचं असेल. उघडलं तर त्यात तुझा दादा आंघोळीला गेला होता. त्याला जाऊन आज पंचवीस दिवस झाले.

मी ते पत्र जिन्यात उभ्याने वाचलं. मग वर जाऊन पुन्हा वाचलं. 'सुटू दे' असं तो म्हणतो तिथे थांबले.

आता मला तुझ्याकडून दुसरं पत्र हवंय. फोनवर तू नुसती रडतेस, आणि फोनवर मलाही काही विचारता येत नाही, कारण आई समोर बसलेल्या असतात, माझ्या तोंडाकडे बघत. त्याला घेऊन आलात तेव्हा तू इथे आठ दिवस होतीस. त्या आठ दिवसांत आपण दोघीच अशा एकदाही बसलो नाही. मी खोलीत आले की तू चहा ठेवायला उठायचीस. एवढा चहा या घरात कधी झाला नव्हता. तेव्हा मी सोडून दिलं. म्हटलं, जिच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला तिला काय विचारायचं.

पण मला कळायला हवं. मी शाळेच्या कार्यालयात बसते, मुलांचे दाखले लिहिते. एका ओळीत तारीख नसली तर मी दाखला परत पाठवते. आणि माझा नवरा कसा गेला हे मला दोन वाक्यांपलीकडे माहीत नाही. तुम्ही तिथे गेल्यापासून सगळं लिही. कुणी काय केलं, त्याने काय खाल्लं, किती खाल्लं, शेवटी काय बोलला. मला सोसेल का याचा विचार तू करू नकोस.

आई काही सांगत नाहीत. कधीकधी ताटावर बसल्या की तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा मिटतात. मी विचारलं की म्हणतात, "काही नाही, मीठ हवं होतं." मीठ समोरच असतं.

यापुढे शाळेच्या पत्त्यावर लिही.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चार वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. आज दवाखान्यात डॉक्टर आलेले नाहीत, हत्यारं उकळून ठेवली आहेत, आणि मी पेशंटच्या खुर्चीत बसून लिहितेय. तू म्हणतेस तसं पहिल्यापासून लिहिते.

आम्ही दहाला पोचलो. आमच्याशिवाय आणखी एक नवराबायको होते. सगळ्यांना ॲप्रन दिले. दादाचा ॲप्रन त्याच्या पोटाला पुरेना, तर बाईंनी मागे दोरीचा तुकडा जोडला. तो म्हणाला, तुझ्या वहिनीला सांगू नकोस, ती माझा भात बंद करेल. मोठ्या टेबलावर सगळं चिरून मांडलेलं होतं, हिरव्या मिरच्या, लसूण, गवती चहा, लिंबाची जाड पानं, आल्याच्या जातीचं एक मूळ. बाईंनी आधी पुढच्या टेबलावर स्वतःच्या खलात सगळं वाटून दाखवलं. मग आम्ही करायचं.

आई बदलूनच गेली, वहिनी. बाईंना तिने बत्ता धरायची आपली रीत दाखवली, मनगट ढिलं आणि खांद्यातून घाव. बाईंनी सगळ्यांना थांबवून सांगितलं, या आजींकडे बघा. आईचे कान लाल झाले. दादा माझ्या कानाशी म्हणाला, एवढ्यासाठी आलो आपण इथे. आणि खरंच, तसं तिचं तोंड मी बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं.

वाटण आईने केलं. आम्हाला दिलेल्या खलातच केलं. दादाने नारळाचं दूध ओतलं, मी भाज्या सोडल्या. बाराच्या आधीच जेवायला बसलो. दुसऱ्या घासाला दादा म्हणाला, "आई, तू इथेच दुकान टाक." मग खोकला आला. आम्ही हसलो, वाटलं मिरची लागली. पाणी प्यायला. मान खाजवायला लागला. आई म्हणाली, काय रे, तर म्हणाला, "काही नाही, तिखट लागलं." तेच शेवटचं. त्यानंतर त्याला बोलता आलं नाही. मी गोळ्या काढल्या पण गिळता येईनात. बाई धावत रस्त्यावर गेल्या, गाडी आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी जे जे विचारलं ते मी सांगितलं. त्यांनी खूप धडपड केली. तासाभराने बाहेर येऊन मला बाजूला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्यांनी जबाब घेतला. मी हेच सांगितलं, जे तुला लिहितेय. बाईंच्या हातून काहीतरी चूक झाली असणार. चमचा बदलला असेल, चुकून गोळा पडला असेल, मला काय माहीत. आपण त्यांच्यावर विश्वास टाकला.

आईला यातलं काही विचारू नकोस. तिला नीट आठवतसुद्धा नाही.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय. डबा खाताना काढते. 'तिखट लागलं' वाचून परत ठेवते.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली, तिथल्या कार्यालयाकडून कागद आले होते, तक्रार पुढे चालवायची आहे का म्हणून. मी सही करून पाठवली. चार मेला सुनावणी आहे. त्या बाईंच्या घराला टाळं लागलंय. निष्काळजीपणाने माणूस मेला असं ठरलं तर तीन वर्षं आत जाईल म्हणतात. मला वाटलं होतं, सही केल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही, पण सही केल्याचं वाईटही वाटलं नाही.

दुसरी, त्या बाईंचं पत्र आलं. कार्यालयातून पत्ता मिळवला असणार. मी ते तिथली भाषा येणाऱ्या एका मास्तरांकडून वाचून घेतलं. लिहितात, मी तुमच्या माणसाला कोरा खल दिला होता, निळ्या फडक्याचा. सगळं झाल्यावर तो मला टेबलाखालच्या फळीवर सापडला. आत दगडाची करडी पूड होती आणि मिरचीचे चार तुकडे, बाकी काही वाटलेलं नव्हतं. आणि माझा स्वतःचा जुना खल पुढच्या टेबलावर नव्हता, तो तुमच्या माणसांच्या टेबलावर होता. मी कुणावर आरोप करत नाही. पण मी रोज सकाळी उठून ते तीन तास मनात पुन्हा करून बघते आणि माझी चूक मला सापडत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.

बघितलंस? माझा नवरा गेला आणि ही मला कुठला खल कुठे होता ते सांगतेय. मास्तर वाचता वाचता अडखळले तर मी म्हटलं, वाचा हो, मला काही होत नाही.

तरी माझा स्वभाव तुला माहीत आहे. एक ओळ लिही. निळ्या फडक्याचाच होता ना?

वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

होय, निळ्या फडक्याचाच. ती बाई स्वतःची कातडी वाचवतेय, दुसरं काय. टाळं लागलं, तुरुंग दिसायला लागला की माणूस काहीही लिहितं. तू असली पत्रं वाचून घेत जाऊ नकोस.

इकडे पाण्याची बोंब आहे, दवाखान्यात टाकी भरून ठेवावी लागते. डॉक्टरांनी उकळायचं नवं यंत्र घेतलंय, त्याचं झाकण मला एकटीला लागत नाही. मी बरी आहे. आईची गुडघ्याची गोळी संपली असेल तर बघ. तिला गिरणीत जाऊ देऊ नकोस, नुसती पडून राहू दे. आणि त्या खलाबिलाचा विषय तिच्यापुढे काढू नकोस. सांभाळ तिला.

भिंगरी


६ एप्रिल

भिंगरी,

मी आईंना गिरणीत जाऊ दिलं. अडवलं नाही, कारण घरात बसून त्या भिंतीचा रंग नखाने काढत होत्या.

यंत्र बंदच आहे, ते तुझा दादा चालवायचा. पण हाताने कुटलेला मसाला लागणारी दहाबारा घरं अजून आहेत, त्यांच्यासाठी आईंनी मोठा खल काढला. पहिल्या आठवड्यात वाटलं, बरं झालं, रुळल्या. दुसऱ्या आठवड्यात पहिली पिशवी परत आली. मग आणखी दोन आल्या. मसाल्याला बुरशी. पांढरे ठिपके, कुबट वास. तुमच्या गिरणीतून असला माल कधी बाहेर गेला नसेल. पिशवी परत द्यायला आलेली बाई मला म्हणाली, आजींचं वय झालं. मी मान हलवली, पण माझ्या मनाला पटेना.

म्हणून परवा शाळेतून लवकर सुटले आणि घरी न जाता थेट गिरणीत गेले. आई खल धूत होत्या.

हे वाक्य तुला कळतंय ना? लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी खलात तांब्याभर पाणी ओतलं होतं, तर आईंनी धावत येऊन तांब्या काढून घेतला. या घरात खलाला पाणी लागत नाही. दगड पाणी धरतो, ओल पुढच्या मसाल्यात उतरते. मूठभर कोरडे तांदूळ कुटायचे, टाकून द्यायचे, सुक्या फडक्याने पुसायचं, खल स्वच्छ. हे मला त्यांनीच शिकवलं, तुलाही शिकवलं असेल. आणि त्याच बाई बादली घेऊन, ब्रश घेऊन खल घासत होत्या. एकदा धुतला, पालथा केला, पुन्हा उताणा करून पुन्हा धुतला. मी दारात उभी राहून मोजलं, सात वेळा. बोटांची कातडी सोलून निघाली आहे. मग त्याच ओल्या खलात धने टाकले.

मी म्हटलं, "आई, खलाला पाणी?"

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "तांदळाने निघत नाही गं."

मी विचारलं, "काय निघत नाही?" तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच घाबरले. दोन्ही हात तोंडावर ठेवून बसल्या. जसं कुणी बोलू नकोस म्हणून सांगितलंय.

भिंगरी, मी मूर्ख नाही. त्या बाईंचं पत्र मी पुन्हा काढलं. करडी पूड. चार तुकडे मिरचीचे. जुना खल तुमच्या टेबलावर. चार मेला एका बाईला तुझ्या जबाबावरून आणि माझ्या सहीवरून तुरुंगात पाठवतील. आता मला खरं उत्तर दे. सगळं दे, परत विचारायला लावू नकोस.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

लिहिते.

बाईंनी आम्हाला निळ्या फडक्याचा खल दिला. आईने त्यात मिरच्या टाकल्या आणि चार घाव घातले. मग बोट फिरवून बघितलं. बोटावर करडी खर आली, दगडाची बारीक पूड. नवा दगड होता, अजून झिजलेला नव्हता. आई म्हणाली, "यात वाटलेलं माझ्या लेकाला देऊ? दातात कचकच येईल." बाई मागच्या खोलीत नारळाचं दूध आणायला गेल्या होत्या. आई उठली आणि पुढच्या टेबलावरचा बाईंचा खल उचलून घेऊन आली. त्यांनी त्यात मघाशीच वाटून दाखवलं होतं, कोळंबीचा गोळा घालून. आईने शेजारच्या भांड्यातले मूठभर तांदूळ घेतले, कुटले, टाकले, पदराने खल पुसला. गिरणीत पुसते तसाच. मग म्हणाली, "हा कसा, लोण्यासारखा आहे आतून."

मी बघत होते. दादाही बघत होता. मी तोंड उघडलं, म्हणणार होते की बाईंना विचारून घेऊ, तर दादाने मला डोळा घातला. कायदा. आणि मी गप्प बसले. मी ते कोळंबीच्या भीतीने म्हणणार नव्हते, हेही खरं सांगते. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली म्हणून म्हणणार होते. खल स्वच्छ नाही असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. लहानपणापासून तसाच पुसलेला खल बघितलाय आम्ही. मी दातांचा एक आरसा दोनदा उकळते, वहिनी, आणि माझ्या मनात आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर सांगून गेल्यावर आई म्हणाली, "मी तो खल—" मी तिचं तोंड दाबलं. हाताने दाबलं, खरंच. म्हटलं, कुणाला बोलायचं नाही. आणि आणखी एक बोलले. म्हटलं, वहिनीला कळलं तर ती तुला घरात ठेवणार नाही. मला तेव्हा एवढंच सुचलं. दादा गेला होता, निदान आई तरी उरावी. तिला उरलेलं आयुष्य हे घेऊन काढावं लागू नये असं वाटलं. बाई परक्या होत्या. त्यांचं काय होईल याचा विचार मी केला नाही. नंतर केला, तेव्हा जबाबावर सही झाली होती.

आता तुला सगळं सांगितलं. लपवायला माझ्याकडे काही उरलं नाही. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण आईला एकटी टाकू नकोस. मी येऊ का?

भिंगरी


२० मे

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी घरी गेले, आईंच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "भिंगरीने लिहिलंय सगळं." त्या म्हणाल्या, "लिहिलं तिने? मग आता मला बोलता येईल." आणि बोलल्या. तू लिहिलंस तेच, पण तीन महिने रोज मनात म्हणून पाठ झाल्यासारखं. बोलून झाल्यावर उठल्या आणि आपलं बोचकं बांधायला लागल्या. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, "आता जायला हवं ना मला." तू त्यांना जे सांगितलं होतंस त्यावर त्यांनी इतके दिवस विश्वास ठेवला होता. मी बोचकं सोडलं आणि लुगडी परत कपाटात ठेवली. तेव्हा मला त्यांचा राग आलेला नव्हता असं नाही. खूप आला होता. पण घर त्यांचं आहे.

चार मेला आम्ही दोघी तिथे गेलो. तुला कळवलं नाही, मुद्दाम. लहानशी खोली, तीन टेबलं, खिडकीत पंखा. शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, पत्रावरून वाटल्या त्यापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या. आईंनी उभं राहून सांगितलं, दुभाष्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हाला वेगळा खल दिलेला असताना बदलला का? आई म्हणाल्या, "त्यात खर होती. लेकाच्या दाताखाली आली असती." दुभाष्याने तेही सांगितलं. मी माझी सही मागे घेतली. बाईंना सोडलं. बाहेर व्हरांड्यात त्या आईंजवळ आल्या. मला वाटलं आता बोलतील काहीतरी, बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांनी आईंचा हात उलटा करून सोललेली बोटं बघितली आणि निघून गेल्या. वर्ग पुन्हा उघडणार नाही म्हणे. त्यांना आता कुणाला खाऊ घालायला भीती वाटते.

इथे पत्र संपलं असतं तर मी तुला ये म्हणून लिहिलं असतं.

पण प्रकरण बंद करताना त्यांनी सगळे कागद वाचून दाखवले. त्यात दवाखान्याचा कागद होता. दुभाष्याकडून मी तो लिहून घेतला, मला सवय आहे. 'रोग्यास बारा वाजून पाच मिनिटांनी आणले. खिशातील कार्ड पाहून सोबतच्या बहिणीस विचारले, कोळंबी पोटात गेली आहे का, किंवा कोळंबी लागलेल्या भांड्यातून काही खाल्ले आहे का. बहिणीने निश्चितपणे नाही असे सांगितले. घास अडकला असल्याचे समजून तसे उपचार केले. दहा मिनिटांनी अंगावर चट्टे दिसल्यावर इंजेक्शन दिले.'

दहा मिनिटं, भिंगरी.

भांड्याचं त्यांनी विचारलं होतं. तू खल बघितला होतास. डॉक्टरांनी जे जे विचारलं ते मी सांगितलं, असं तू मला लिहिलंस. लपवायला काही उरलं नाही, असंही लिहिलंस. तू तसं का म्हणालीस हे मला समजतं. आई तुझ्या शेजारी उभ्या होत्या, हो म्हटलं असतं तर त्यांना तिथेच कळलं असतं कुणाच्या हातून झालं ते. तू त्यांना वाचवत होतीस, आणि तो अजून जिवंत होता.

इंजेक्शन लवकर दिलं असतं तर तो वाचला असता का, असं मी अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच म्हणाले.

आईंनी हे सगळं ऐकलं. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "पोरीवर रागावू नकोस, माझ्यापायी केलं तिने." आल्यापासून रोज म्हणतात, भिंगरीला बोलाव. मी म्हणते, बोलावते. अजून बोलावलेलं नाही, आणि तू आपण होऊन येऊ नकोस. त्यांनी जे केलं ते न कळत केलं. त्यांच्याबरोबर एका घरात कसं राहायचं ते मी शिकतेय. तुझ्याबरोबर एका खोलीत कसं बसायचं ते मला माहीत नाही.

खल मी गिरणीत आत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ आहे. घरातला स्वयंपाक मात्र आईच करतात, त्यांच्या हातून तोही काढून घेतला तर त्या पुन्हा भिंतीशी बसतील. संध्याकाळी दोन ताटं वाढतात. आधी माझ्या ताटातला एक घास स्वतः खातात आणि मग ताट आपल्यापुढेच ठेवून घड्याळाकडे बघत बसतात. दहा मिनिटं झाली की ताट माझ्याकडे सरकवतात. तोवर अन्न गार झालेलं असतं. मी गारच जेवते.

वहिनी